एच-१बीचे १ लाख डॉलर नेमके कुणाला लागतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या हुकमाने एच-१बीवर, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्याला अमेरिकेत नोकरीवर ठेवायला लागणाऱ्या व्हिसावर, १ लाख डॉलरची रक्कम लागली. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातोय: आमच्या मुलाला हे भरावे लागणार का? त्यानंतर खुलाशांवर खुलासे झाले, न्यायालयाचा एक निकालही आला. तरी व्हॉट्सॲपवर अजून पहिल्या दिवशीचेच मेसेज फिरताहेत आणि त्यांच्या जोरावर लोक तिकिटं काढताहेत, रद्द करताहेत, लग्नं पुढे ढकलताहेत.

पैसे लागणार की नाही, हे मुलगी किती हुशार, कंपनी केवढी, पगार किती यावर ठरत नाही. कंपनीने अर्ज दाखल केला तेव्हा माणूस अमेरिकेत होता की बाहेर, आणि त्या अर्जात सरकारकडे नेमकं काय मागितलं, यावर ठरतं. एवढं ध्यानात घेतलं की या धोरणावर झालेल्या आरडाओरड्यातलं काय जागेवर आहे आणि काय हवेत, तेही दिसायला लागतं.

आधी त्या शनिवार-रविवारबद्दल. हुकमावर सही झाली शुक्रवारी, १९ सप्टेंबरला. अंमल रविवारी, २१ तारखेला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे १२ वाजून १ मिनिट झाल्यापासून. आपल्याकडे तेव्हा रविवारी सकाळचे ९.३१ वाजणार होते. सहीच्या वेळी वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी पत्रकारांना सांगितलं की रक्कम दरवर्षी भरायची आहे. हुकमात तसं लिहिलेलं नव्हतं. पण ज्यांच्याकडे आधीपासून एच-१बी आहे त्यांना हे लागू नाही, असंही त्यात स्वच्छ म्हटलं नव्हतं. भाषा सगळी 'प्रवेश' रोखण्याची होती. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, जेपी मॉर्गन इथल्या कर्मचाऱ्यांना निरोप गेले: अमेरिकेत असाल तर देश सोडू नका, बाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या.

भारतात बातमी कळली शनिवारी पहाटे-सकाळी. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान पंधरा-सोळा तास घेतं. पुण्याहून अमेरिकेला थेट विमानच नाही, म्हणजे आधी एक्सप्रेसवेने मुंबई गाठा. रविवारी सर्वपित्री अमावास्या, सोमवारी घटस्थापना. सुट्टी जोडून घरी आलेल्यांची पंचाईत झाली. सॅन फ्रान्सिस्कोत सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून काही प्रवासी खाली उतरले. वंशद्वेषी टोळक्यांनी तर मुद्दाम जागा अडवून ठेवायचा प्रयत्न केला, भारतीयांना तिकीट मिळू नये म्हणून. शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलिन लेव्हिट यांनी खुलासा केला: रक्कम एकदाच भरायची, फक्त नव्या अर्जांवर, मुदतवाढीला नाही, सध्याच्या धारकांना नाही. त्याच दिवशी अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवेचे संचालक जोसेफ एडलो यांचं पत्रक निघालं: २१ सप्टेंबरच्या मुहूर्तानंतर दाखल होणाऱ्या अर्जांनाच हे लागू. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने कुटुंबांची ताटातूट होण्याच्या शक्यतेकडे बोट दाखवलं, आणि ते योग्यच होतं.

नंतर बऱ्याच जणांनी कंपन्यांच्या वकिलांना दोष दिला की उगाच घबराट पसरवली. मला तो दोष पटत नाही. हा हुकूम ज्या कलमाच्या आधारे काढलाय, ते स्थलांतर कायद्यातलं २१२(एफ), राष्ट्राध्यक्षांना परदेशी माणसाचा प्रवेशच थांबवू देतं. जून २०२० मध्ये याच कलमाखाली नव्या एच-१बी धारकांचा प्रवेश थांबवला गेला होता आणि ते निर्बंध मार्च २०२१ अखेरपर्यंत राहिले. कागदावर 'प्रवेश' दिसतोय, मंत्री 'दरवर्षी' म्हणतोय आणि हातात दीड दिवस आहे, अशा वेळी कुठलाही जबाबदार वकील 'परत या' असंच सांगणार.

आता मूळ मुद्दा. आपण सरसकट 'एच-१बी व्हिसा' म्हणतो, पण तिथे तीन वेगळे कागद असतात आणि तिघांचे मालक वेगळे. पहिला, पिटिशन. ते कंपनी करते, आय-१२९ नावाच्या फॉर्मवर, आणि मंजूर झालं की आय-७९७ ही मंजुरीची सूचना येते. दुसरा, पासपोर्टवरचा व्हिसा, ज्याला सगळे स्टँपिंग म्हणतात. तो दूतावास किंवा कॉन्सुलेट देतं, आपल्याकडे मुंबईत बीकेसीला, आणि त्याचं काम विमानतळाच्या दारापर्यंतच. तिसरा, आय-९४. ती तिथे राहण्याची परवानगी. प्रवेशाच्या वेळी मिळते किंवा देशात असतानाच दर्जा (विद्यार्थी, कर्मचारी वगैरे) बदलून किंवा मुदत वाढवून मिळते. व्हिसाची तारीख उलटली तरी आय-९४ चालू असेल तर माणूस तिथे कायदेशीर राहतो, नोकरी करतो. तो बाहेर पडला तर मात्र परत यायला नवा स्टँप हवा.

१ लाख डॉलर यातल्या पहिल्या कागदावर लागतात. ना स्टँपिंगवर, ना आय-९४ वर.

२० ऑक्टोबर २०२५ ला स्थलांतर सेवेने सविस्तर मार्गदर्शन काढलं आणि गोष्ट एका चौकोनावर आली. आय-१२९ च्या भाग २ मध्ये चौथा प्रश्न असतो: काय कारवाई हवी? पहिला पर्याय 'ए': अमुक कॉन्सुलेटला कळवा, म्हणजे उमेदवाराला तिथून व्हिसा घेता येईल. 'बी': उमेदवार अमेरिकेतच आहे, त्याचा दर्जा बदला आणि मुदत द्या. 'सी': आहे त्याच दर्जात मुदत वाढवा. 'डी': आधीच्या मुक्कामाच्या अटींत बदल करा. 'ए' वर खूण केली, उमेदवार बाहेर आहे आणि त्याच्याकडे चालू मुदतीचा एच-१बी व्हिसा नाही, तर १ लाख डॉलर. उमेदवार अमेरिकेत असूनही कंपनीने 'ए' मागितलं, तरी तेच. 'बी', 'सी', 'डी' मागितलं आणि सरकारने ते मंजूर केलं, तर काही नाही.

शेवटच्या वाक्यातलं 'मंजूर केलं' फार महत्त्वाचं आहे आणि घोटाळे तिथेच होतात.

समजा, एखादी मुलगी एमएस करून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करतेय. मार्चमध्ये लॉटरीत, म्हणजे एच-१बीच्या मर्यादित जागांसाठीच्या सोडतीत, नाव निघालं, कंपनीने एप्रिलमध्ये 'बी' मागून पिटिशन टाकलं. निकाल यायचाय. मे महिन्यात भावाचं लग्न म्हणून ती नाशिकला आली. ती देशाबाहेर पडली त्या क्षणी दर्जा बदलाची मागणी सोडून दिली असं धरलं जातं. पिटिशन बाकी सगळ्या दृष्टीने चोख असेल, पण दर्जा बदल मिळणार नाही, म्हणजे प्रकरण कॉन्सुलेटच्या वाटेला लागलं, म्हणजे कंपनीपुढे १ लाख डॉलरचं बिल. बहुतेक कंपन्या तिथेच हात वर करतील. म्हणून दर्जा बदल मंजूर झाल्याची सूचना हातात पडेपर्यंत, आणि त्या आय-७९७ च्या खालच्या भागात नवीन आय-९४ छापून आलाय हे डोळ्यांनी बघेपर्यंत, देश सोडायचा नाही. मंजुरीनंतर ती भारतात आली, त्याच पिटिशनवर स्टँपिंग करून परत गेली, तर ही रक्कम लागत नाही. मार्गदर्शनात ते स्पष्ट आहे. ओपीटी मध्येच संपत असेल तर दर्जा बदलाचा अर्ज प्रलंबित असताना काम चालू ठेवायची सवलत, जिला कॅप-गॅप म्हणतात, जानेवारी २०२५ पासून १ एप्रिलपर्यंत वाढवलेली आहे. घाई करायचं कारण नाही.

दुसरं उदाहरण नोकरी गेलेल्याचं. एच-१बीवर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ संपेपर्यंत, जे आधी येईल ते. नव्या कंपनीचं पिटिशन त्या ६० दिवसांत पोचलं तर जुनेच नियम. एकसष्टाव्या दिवशी पोचलं तर मुदतवाढ नाकारली जाऊ शकते, आणि मग पुन्हा बाहेरून यायची पाळी, पुन्हा १ लाख. पूर्वी हा उशीर झाला तर एका विमान तिकिटाचा आणि स्टँपिंगच्या कटकटीचा प्रश्न होता. आता तो नोकरी मिळते की जाते याचा प्रश्न आहे. ऑफर लेटर आलं की लगेच नव्या कंपनीच्या वकिलाला कामगार खात्याच्या अर्जाबद्दल विचारा. पगार आणि कामाच्या जागेचा तो अर्ज, एलसीए, प्रमाणित व्हायला सात कामाचे दिवस घेतो आणि त्याशिवाय पिटिशन जात नाही. साठातले ते आठ-दहा दिवस लोक हिशेबात धरत नाहीत.

तिसरा गट आपल्याकडे मोठा आहे आणि त्याच्याबद्दल जवळजवळ कुणी बोललं नाही. अमेरिकेत तीन-चार वर्षं काढून आई-वडिलांच्या आजारपणामुळे किंवा मुलांच्या शाळेसाठी पुण्याला परतलेले लोक. एच-१बीची एकूण मर्यादा सहा वर्षांची. त्यातली उरलेली वर्षं त्यांना लॉटरीत पुन्हा न उतरता वापरता येत होती. कुठलीही कंपनी वर्षात केव्हाही पिटिशन करू शकत होती. कायद्याने ती वाट अजून उघडी आहे, पण पासपोर्टवरचा जुना व्हिसा संपला असेल तर आता तिच्या तोंडाशी १ लाख डॉलर आहेत. व्हिसाची तारीख शिल्लक असेल, तर मार्गदर्शनाच्या शब्दांप्रमाणे तुम्ही 'चालू व्हिसा नसलेले' नाही. अशांनी परतायचं मनात असेल तर पासपोर्ट उघडून ती तारीख आजच बघावी.

विद्यापीठं, ना-नफा संशोधन संस्था, विद्यापीठाशी जोडलेली रुग्णालयं यांना लॉटरीत उतरावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यावरून त्यांना ही रक्कमही माफ असणार, असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. लॉटरीतून सूट वेगळी, या रकमेतून सूट वेगळी. दुसरी सूट फक्त गृहसुरक्षा मंत्री देऊ शकतात आणि चारही अटी पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात: माणसाचं असणं राष्ट्रहिताचं आहे, त्या जागेसाठी अमेरिकी माणूस मिळत नाही, सुरक्षेला धोका नाही, आणि पैसे भरायला लावले तर देशाच्या हिताला मोठी बाधा येईल. मार्गदर्शनातच म्हटलंय की अशी सूट अत्यंत विरळा. पैसे आधी सरकारच्या पे डॉट गव्ह या संकेतस्थळावर भरायचे आणि पावती पिटिशनसोबत जोडायची. पावतीही नाही आणि सूट मिळाल्याचा पुरावाही नाही, तर पिटिशन नाकारलं जातं.

रकमेचा आवाका समजायला जुना खर्च बघा. मोठ्या कंपनीला लॉटरीच्या नोंदणीचे २१५ डॉलर, फॉर्मचे ७८०, प्रशिक्षण निधीचे १,५००, फसवणूक प्रतिबंधाचे ५०० आणि आश्रय कार्यक्रमाचे ६००. एकूण ३,५९५ डॉलर, वकिलाचे वेगळे. त्यावर आता १ लाख. सप्टेंबरच्या दराने ८८ लाख रुपये. पहिली मंजुरी फार तर तीन वर्षांची असते, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला ३३ हजार डॉलरचा जादा भार, आणि माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर सगळेच पाण्यात.

हे पैसे कंपनीने भरायचे आहेत. कुणी कन्सल्टन्सी 'निम्मे तू भर, पगारातून कापू' म्हणत असेल तर तिथून उठून या. प्रशिक्षण निधीची रक्कम कर्मचाऱ्याकडून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे, आणि कंपनीच्या खर्चापोटी केलेल्या कपातीमुळे पगार ठरलेल्या पातळीखाली गेला तर तोही नियमभंग. जमीन गहाण टाकून असे पैसे उभे करायची तयारी दाखवणारे पालक आहेत. कृपा करून करू नका.

अमेरिकेत ज्यांनी या हुकमाचं स्वागत केलं त्यांना आपल्याकडे सरसकट वंशद्वेषी म्हणून मोकळं होतात. काही तसे आहेतच. पण तिथल्या कामगारांची तक्रार खोटी नाही. ऑर्लँडोत डिस्नेच्या सुमारे २५० तंत्रज्ञांना कामावरून कमी करताना आउटसोर्सिंग कंपनीतून आलेल्या बदली माणसांना काम शिकवायला लावलं गेलं. २०१५ मध्ये ते उघड झालं आणि तिथली माणसं ते विसरलेली नाहीत. एच-१बीचा किमान पगार चार पातळ्यांवर ठरतो. त्या व्यवसायातले त्या भागातले सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर पहिली पातळी खालून १७ टक्क्यांवर, दुसरी ३४ वर, तिसरी बरोबर मध्यावर आणि चौथी ६७ वर. म्हणजे पहिल्या दोन पातळ्या मुळातच मधल्या पगाराच्या खाली. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०१९ च्या आकड्यांवरून दाखवलं की ६० टक्के जागा या दोन पातळ्यांवर प्रमाणित झालेल्या होत्या. सिनेटर ग्रासली आणि डर्बिन, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरताहेत. तो फक्त ट्रम्प समर्थकांचा नाही.

पण तक्रार पगाराची आणि इलाज पत्त्याचा, असं झालंय. पहिल्या पातळीच्या पगारावर अमेरिकेतल्याच विद्यार्थ्याला घेतलं तर १ लाख लागत नाहीत. एका आउटसोर्सिंग कंपनीतून दुसरीत आधीच तिथे असलेला माणूस ओढला तरी लागत नाहीत. काम हिंजवडीला किंवा हैदराबादला हलवलं तर अर्जच करावा लागत नाही. ही रक्कम कुणावर पडते ते पाहा: ग्रामीण रुग्णालयावर, जिथे वर्षानुवर्षं जाहिरात देऊनही डॉक्टर येत नाही. छोट्या गावातल्या सरकारी शाळेवर, जी गणिताचा शिक्षक फिलिपीन्समधून आणते आणि ज्याचा वर्षाचा पगार या रकमेपेक्षा कमी असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनसह पन्नासहून अधिक वैद्यकीय संघटनांनी सप्टेंबरातच पत्र लिहून डॉक्टरांना वगळा म्हटलं. तशी सरसकट सूट मिळालेली नाही. पेशंटला बसणारा हा फटका मला या सगळ्यातला सर्वांत वाईट वाटतो, कारण तिथे कुणाची नोकरी वाचलेली नाही.

'टीसीएसला चांगलाच धडा' म्हणणारे भारतातही आहेत. २०२५ च्या आर्थिक वर्षात जूनअखेर टीसीएसच्या ५,५०५ मंजुऱ्या होत्या, ॲमेझॉनच्या १०,०४४, हे आकडे सगळीकडे फिरले. त्यात मुदतवाढीही धरलेल्या आहेत. मुदतवाढीला ही रक्कम नाही. बाहेरून नव्याने किती माणसं नेली, हा आकडा त्याहून खूप लहान असतो, कारण भारतीय आयटी कंपन्यांनी गेल्या आठ-दहा वर्षांत तिथल्याच लोकांची भरती वाढवलेली आहे. प्रोजेक्टविना बेंचवर बसलेल्या पोराला ऑनसाइट पाठवायचं जुनं गणित सप्टेंबरच्या आधीच मोडायला लागलं होतं.

पगाराच्या प्रश्नाला भिडणारा बदल वेगळाच आहे आणि त्यावर गदारोळ फार कमी झाला. डिसेंबर २०२५ अखेर प्रसिद्ध झालेला आणि २७ फेब्रुवारी २०२६ पासूनचा लॉटरीचा नवा नियम. दरवर्षी ६५ हजार जागा आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार, हे तसंच. पण आता चौथ्या पातळीचा पगार असेल तर नाव चार वेळा टाकलं जाईल, तिसऱ्याचं तीन वेळा, दुसऱ्याचं दोन, पहिल्याचं एकदा. गृहसुरक्षा विभागाने नियम मांडताना जो अंदाज दिला त्यात पहिल्या पातळीची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास आणि चौथीची ६१ च्या आसपास येते. मार्च २०२६ ची नोंदणी ही याखालची पहिली.

इथे एक बारकावा. पातळी पगाराच्या नुसत्या आकड्यावर ठरत नाही; व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक आणि कामाचं ठिकाण दोन्ही लागतात. सॅन होजेत जो पगार दुसऱ्या पातळीत बसतो तोच मध्य-पश्चिमेतल्या लहान शहरात तिसऱ्या-चौथ्यात बसू शकतो. कामगार खात्याच्या संकेतस्थळावर जिल्हावार तक्ता मोफत बघता येतो. कंपनीने नोंदणीत कुठला क्रमांक आणि कुठली पातळी टाकली ते एचआरला आत्ताच विचारा. नोंदणीत चढी पातळी दाखवून नंतर पिटिशनमध्ये पगार किंवा जागा खाली आणली तर पिटिशन नाकारलं जाऊ शकतं. आणि घरून काम करणार असाल तर घर ज्या भागात आहे तो भाग धरला जातो, ऑफिसचा नाही. चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

न्यायालयात काय चाललंय? यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये दावा लावला: कर बसवायचा अधिकार संसदेचा, राष्ट्राध्यक्षांचा नाही. २३ डिसेंबरला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झालंय. कॅलिफोर्नियात एका परिचारिका-भरती संस्थेने आणि इतरांनी लावलेला दावा, मॅसॅच्युसेट्समध्ये वीस राज्यांनी लावलेला दावा, हे दोन वेगळे. कोर्ट हे उडवून लावेल या भरवशावर आज कुणी बेत आखू नये.

हुकमाची मुदत बारा महिन्यांची, म्हणजे २१ सप्टेंबर २०२६ पर्यंत, वाढवली नाही तर. 'वर्षभर थांबू' असं म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर मांडून बघावं. मार्च २०२६ मध्ये नोंदणी, १ एप्रिलपासून पिटिशन, १ ऑक्टोबरपासून नोकरी. नोंदणी आणि पिटिशनचा अख्खा हंगाम त्या बारा महिन्यांच्या पोटात येतो. शिवाय हुकमातच लिहिलंय की लॉटरी आटोपल्यावर तीस दिवसांत संबंधित खात्यांनी मुदत वाढवायची की नाही याची शिफारस करायची. या रकमेमुळे भारतात बसलेल्या उमेदवाराचं नाव फार थोड्या कंपन्या नोंदवतील. ज्यांच्या कंपनीचं अमेरिकेत ऑफिस आहे आणि ज्यांनी गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तिच्या परदेशातल्या शाखेत काम केलंय, त्यांनी एल-१ बद्दल, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाबद्दल, विचारावं. त्यावर ही रक्कम नाही.

आपल्याकडच्या प्रतिक्रियांत एक मोठा सूर होता 'बरं झालं, आता हुशार पोरं परत येतील'. मला हे बोलणं कठोर वाटतं. परत यायला जागा लागते. पुण्यात परदेशी कंपन्यांची केंद्रं वाढताहेत हे खरं, पण तिथली नोकरी आणि चाळीस लाखांचं शैक्षणिक कर्ज यांचा मेळ रुपयांत बसत नाही. शिवाय ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशातून काम करून घेण्यासाठी दिलेल्या पैशांवर २५ टक्के कर सुचवणारं विधेयक सप्टेंबरमध्येच मांडलंय. मंजूर होईल न होईल, पण काम इकडे वळेलच असं गृहीत धरणाऱ्यांनी ते वाचावं.

सगळ्या चर्चेत १ लाख डॉलरने इतकी जागा खाल्ली की ज्याने प्रत्यक्षात जास्त मराठी घरं अडकली तो बदल बाजूलाच राहिला: स्टँपिंगचा. २ सप्टेंबरपासून बहुतेकांची मुलाखतीतून सूट, म्हणजे ड्रॉपबॉक्स, बंद झाली. त्याच आठवड्यात दुसरा नियम आला: मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची, त्यामुळे मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन स्टँप आणायची सोय गेली. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्यांचे पती-पत्नी आणि मुलं) अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचं ठरलं, आणि भारतातल्या कॉन्सुलेट्सनी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या मुलाखती मार्च २०२६ वर आणि त्याही पुढे ढकलल्या. डिसेंबर म्हणजे आपल्याकडचा लग्नांचा हंगाम. लोक सुट्टी टाकून आले, बोटांचे ठसे देऊन झाले आणि मुलाखतीची तारीख तीन-चार महिने पुढे गेली. तिकडे घरभाडं चालू, मुलांची शाळा चालू, आणि भारतातून काम करायला कंपनी परवानगी देईलच असं नाही, कारण करांचे आणि डेटाचे नियम आडवे येतात.

यांच्यापैकी कुणालाही १ लाख डॉलर लागू नव्हते. त्यांची पिटिशन मंजूर होती, नोकऱ्या शाबूत होत्या. अडलं ते फक्त दुसऱ्या कागदापाशी.

म्हणून सध्या तिकडून यायचं असेल तर आधी व्हिसावरची तारीख बघा. परतीच्या दिवशी तो चालू असेल तर मुलाखतीची गरजच नाही, बिनधास्त या. संपलेला असेल आणि काम टाळता येण्यासारखं असेल तर येऊ नका. येणं भागच असेल तर निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: किती आठवडे बिनपगारी रजा चालेल, भारतातून काम करता येईल का, किती दिवस. समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायची सूचना आहे. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात सगळी खाती लिहा, बंद पडलेलीसुद्धा, आणि लिंक्डइनवरचं पद आणि तारखा पिटिशनशी जुळताहेत का ते ताडून पाहा. मुलाखतीला मूळ आय-७९७, संपूर्ण पिटिशनची प्रत, प्रमाणित एलसीए, गेल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, आणि काम दुसऱ्या कंपनीच्या जागेवर असेल तर त्या क्लायंटचं पत्र जवळ ठेवा. पिटिशनची प्रत वकिलाकडे आत्ताच मागून ठेवा. बऱ्याच कंपन्या फक्त मंजुरीची सूचना हातात देतात, आणि भाग २ मधल्या चौथ्या प्रश्नावर काय खूण केली होती ते त्या सूचनेवरून नेहमी कळतंच असं नाही.